मजीदभाईंची सही

आखातातल्या फरवानिया भागात एका शिवणदुकानात मजीद मुकादम सत्तावीस वर्षं कटर आहेत. अरब पुरुषांचा पायघोळ झगा, म्हणजे दिशदाशा, त्यांच्या हातून कधी बिघडला नाही असं गिऱ्हाइकं सांगतात. गाव रत्नागिरीजवळचं, बायको रुकय्या आणि एकुलती एक मुलगी इक्रा इथे त्यांच्यासोबतच.

इक्रा बी.कॉम. झाली आणि तीन वर्षं घरीच राहिली. मजीदभाईंनी तिला काही कमी पडू दिलं नाही. मोबाईलचं बिल, क्लासची फी, सगळं त्यांच्या खिशातून. मुलाखत असली की दुकानातून सुटी काढून स्वतः गाडीने न्यायचे आणि आत बोलावेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहायचे. बड्या गिऱ्हाइकांच्या हातात तिचा बायोडेटा द्यायचे. एक दिवस कुणी तिला नोकरीला लावील आणि मुलगी चारचौघांत म्हणेल, अब्बांमुळे झालं, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं.

मग खालच्या मजल्यावर शैला देवधर राहायला आल्या. पुण्याच्या, एका कंपनीत अकाउंटंट. इक्रा त्यांच्याकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला जाऊ लागली. घरी विचारलं तर "इट्स फाइन, अब्बा" एवढ्यावर विषय मिटवणारी मुलगी तिथे दोन दोन तास मराठीत बोलत बसे. एकदा जिन्यात तिचं हसणं ऐकू आलं आणि मजीदभाई हातातली भाजीची पिशवी घेऊन तसेच उभे राहिले. इतकं मोकळं ती वरती कधी हसली होती, त्यांना आठवेना.

आठ महिन्यांनी सुलैबियातल्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातून इक्राला फोन आला. नोकरी मिळाली होती. मजीदभाई समोरच चहा पीत होते. ती उठली, अनवाणीच जिना उतरून खाली पळाली, आणि दहा मिनिटांनी वर येऊन आईबापांना बातमी सांगितली. मजीदभाई "बरं झालं" म्हणाले. चहा तसाच राहिला.

इक्राचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बापाच्या नावावर होता. तो कंपनीकडे जायचा तर त्यांची सही हवी. कागद आला तो त्यांनी कपाटात ठेवला. आज दुकानात गर्दी आहे, उद्या वाचून बघतो, असं करत नऊ दिवस काढले. इक्राने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

"कागदात काही खोट नाही," रुकय्या एका सकाळी म्हणाली. "तुम्ही त्या बाईवर जळताय. भोगतेय मात्र पोरगी."

मजीदभाई चिडून निघाले ते थेट शैलाताईंच्या दारात. भांडायचंच ठरवलं होतं. पण शैलाताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मजीदभाईंच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"तीन वर्षं मी वणवण केली, शैलाताई. तुम्ही असं काय केलंत?"

शैलाताई म्हणाल्या, "फार काही नाही, मजीदभाई. मुलाखतीच्या दिवशी मी तिला नेलं नाही. ती बसने एकटी गेली. दोनदा चुकली, उशिरा पोचली, आणि उशीर का झाला ते तिने स्वतःच साहेबांना सांगितलं."

मुलीला एकटीने बसमध्ये चढताना मजीदभाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. वर येऊन त्यांनी कागद काढला आणि सही केली. इक्रा झोपेतून उठायची होती. कागद तिच्या उशाशी ठेवून ते दुकानात गेले.

पहिल्या पगाराला तिने मोबाईलचं बिल स्वतः भरलं आणि घरभाड्यातला वाटा म्हणून साठ दिनार बापापुढे ठेवले. नको गो, ठेव तुझ्याकडे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण मुलगी ताठ उभी होती, वाट बघत. त्यांनी नोटा घेतल्या, दोन्ही हातांनी.

"थँक्यू, अब्बा," ती म्हणाली.

संध्याकाळी ती मिठाईचा डबा घेऊन खाली गेली. मजीदभाईंना ते अजूनही आवडत नाही. खालचं दार उघडल्याचा आवाज आला, तसा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, आणि रुकय्याने त्यांच्यापुढे त्याच मिठाईची ताटली सरकवली.