कातरणीच्या आदल्या दिवसाचा फोन

गावाकडं मला अजून मान आहे. आमच्या कोहिनूर गावाच्या बाजूला कुणाची धान्याची रास उघड्यावर पडलेली असली, कुणाच्या दारात लग्नाचा मांडव असला, की फोन येतो, 'साहेब, पाणी येतंय का?' पावसाला आमच्याकडं पाणीच म्हणतात. हा मान मला कसा मिळाला, ते दोघांनाच ठाऊक आहे. मला आणि माझ्या थोरल्या भावाला. अण्णानं ते कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून मलाच सांगायला हवं.

आमच्या घरी मेंढरं होती. आमचे वडील, अप्पा, गेल्यावर अण्णानं ती सांभाळली आणि त्यांच्याच जिवावर मला गुलबर्ग्याला शिकवलं. पुढं मला हवामानाच्या एका कचेरीत नोकरी लागली. वारा, पाऊस, तापमान मोजून वर कळवायचं आणि वरून आलेला अंदाज शेजारच्या खोलीतल्या फळ्यावर लिहायचा, एवढंच सुरुवातीचं काम. पण अण्णा गावात सांगायचा, 'माझा भाऊ आभाळाच्या खात्यात हाय.' मी मात्र कचेरीत घरी शेती आहे एवढंच सांगितलं होतं. मेंढरांचं नाव कधी काढलं नाही.

तेव्हा गावोगावी फोनचे बूथ नुकतेच झाले होते. शिमग्याच्या जरा आधी, एका दुपारी अण्णाचा फोन आला. वरून तपासणीला आलेले साहेब माझ्या टेबलासमोर चहा घेत बसले होते.

'अरे, मी बोलायलोय. ऐकू यायलंय का? उद्या कातरणी धरलीया. भावकीतली मानसं सांगून ठेवलीत. पन आज आभाळ भरून यायलंय. कातरू का थांबू?'

कातरणी म्हणजे मेंढरांची लोकर काढणं. भावकीतले लोक आपापल्या कातरी घेऊन येतात, दिवसभर राबतात, घरधनी त्यांना जेवण घालतो. लोकर उतरली की मेंढरू उघडं पडतं. त्यानंतरचे काही दिवस पाऊस नको, गारा तर नकोतच. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

साहेबांनी विचारलं, 'कौन है?'

'कोई किसान है, सर,' मी म्हणालो. रिसीव्हरवर हात ठेवायचंही सुचलं नाही. आणि मग अण्णाशी, माझ्या सख्ख्या भावाशी, हिंदीत बोललो, 'हां, मौसम साफ रहेगा. कर लो.'

मग अण्णा म्हणाला, 'बरं.' आणि फोन ठेवला.

फळा दहा पावलांवर होता. साहेब बसले होते म्हणून उठलो नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. संध्याकाळी घरी निघताना फळा दिसला. सहकाऱ्यानं लिहिलं होतं, विजांसह पाऊस, काही ठिकाणी गारा. बूथवर फोन केला असता तर त्यांनी अण्णाला बोलावून आणलं असतं. पण मग दुपारी न बघताच सांगितलं, हे कबूल करावं लागलं असतं. 'काही ठिकाणी' हे आमच्या धंद्यातले सगळ्यात सोयीचे शब्द. ते ठिकाण आपलंच गाव कशाला असेल, असं म्हणून मी सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी कातरणी झाली, आणि लोकांची जेवणं उरकता उरकता गारा पडल्या. रात्रभर पाऊस राहिला.

निरोप मिळाल्यावर मी गेलो. निम्म्याहून जास्त मेंढरं गेली होती. उरलेली एकमेकांना चिकटून थरथरत होती. वहिनी त्यांच्या अंगावर घरातली घोंगडी टाकत होती. आत लोकरीचे ढीग कोरडेच्या कोरडे.

भेटायला आलेल्यांपैकी एकजण मला बघून म्हणाला, 'भाऊ हवामानात हाय म्हनं की! मग कसं वो असं झालं?'

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाला, 'त्यो थांब म्हनला व्हता. मीच ऐकलं न्हाई.'

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय. अण्णानं भावाचं ऐकायला पाहिजे होतं, हे गावभर झालं आणि तेव्हापासून लोक मला विचारायला लागले.

अण्णानं उरलेली मेंढरं विकली. तो आणि वहिनी पुण्याला बांधकामावर गेले. पुढं तो एका साइटवर वॉचमन झाला. माझ्या बढत्या होत गेल्या. मी त्याला सणाला कपडे पाठवत होतो, जात मात्र नव्हतो.

शेवटी एका पावसाळ्यात गेलो. पत्र्याच्या खोलीबाहेर तो चुलीतली राख काढत होता.

'कामून आलास रे साहेब एवढ्या लांब? वाट चुकलास का?'

खाली बसलो आणि सांगून टाकलं. 'अण्णा, त्या दिवशी मी फळा बघितलाच नव्हता.'

'ठाव हाय.'

'कसं?'

'कोई किसान है, म्हनलास, अन् लगीच कर लो. मला ऐकू आलं की.' तो राख सारत राहिला.

'मग कातरलीस कामून?'

'बूथच्या बाहिर भावकी उभी व्हती. काय म्हनला भाऊ, म्हनून इचारायली. काय सांगू? त्यानं मला वळख दिली न्हाई म्हनू? उद्या कातरू म्हनलो, म्हंजी फुडं कुनी इचारलं न्हाई.'

तेवढ्यात साइटवरचा सुपरवायझर आला. 'काका, उद्या स्लॅब टाकायचाय. तुमचा भाऊ हवामान खात्यात आहे म्हणता ना, विचारा की त्याला.'

'ह्यो काय, बसलाय हितं,' अण्णा म्हणाला. 'आता तूच सांग रे. टाकू द्यायचा का?'

'बघून सांगतो,' मी म्हणालो आणि खिशातला मोबाईल काढला. पुण्यात आमच्या खात्यातला एक ओळखीचा होता. त्यानं विचारलं, कुणासाठी पाहिजे?

'माझ्या भावासाठी,' मी म्हणालो. गरज नसताना मोठ्यानं म्हणालो.

अण्णानं वर बघितलं नाही. 'ते ऱ्हाऊ दे,' तो म्हणाला. 'पानी येतंय का, तेवढं इचार.'