फूल आलं की येते

जवळा बाजारला एसटी स्टँडसमोर माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. पंचवीस वर्षं झाली. या रामप्रसादला पिकातलं सगळं कळतं असा लोकांचा समज आहे, आणि तो खोडून काढावा असं मला कधी वाटलं नाही. धंदा त्याच्यावरच चालतो. त्या समजाचे बारा वाजवले ते द्वारकावहिनीने.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या बाजारी ती दुकानात आली. हातात टॉवेलात गुंडाळलेली एक पसरट कुंडी. आत खडी, आणि खडीत सात गोटे, करंगळीच्या नखाएवढे, मधोमध चीर पडलेले.

"भाऊजी, ह्याला खत कोन्तं द्यावं?"

"वहिनी, गोट्याला खत?"

"गोटा न्हाई, वाळवंटातलं झाड हाय. सृष्टीनं पाठवलं."

मी बोट लावून पाहिलं. गार आणि किंचित मऊ लागलं. मी हात मागे घेतला.

सृष्टी म्हणजे तिची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरला नोकरीवर असताना तिने आपल्या मनाने कोर्टात लग्न केलं. माणिकराव, म्हणजे वहिनीचा नवरा, माझा शाळेपासूनचा दोस्त, फोनवर एकच वाक्य बोलला, "या घराची पायरी चढू नको." पोरगी बापावर गेलेली, ती चढली नाही. घरात फोनवर लेकीचा आवाज आला तरी माणिकराव भरल्या ताटावरून उठायचा. म्हणून वहिनी दर बाजारी माझ्या दुकानात येऊन, युरियाच्या पोत्यावर बसून, फोन स्पीकरवर टाकून लेकीशी बोलायची. मी पाठ करून बसायचो, पण कान काही बंद होत नाहीत.

सृष्टीने घर बदललं होतं. नव्या फ्लॅटात ऊन येत नव्हतं, म्हणून झाडं आईकडे. त्या दिवशी फोनवर वहिनीने विचारलं, "आन् तू कधी येशील?"

पलीकडून पोरगी म्हणाली, "त्याला फूल आलं की येते. फूल आलं की सांग."

वहिनीने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, जणू पोरगी निम्म्या वाटेवर येऊन पोचलीच. पण मला त्या गोट्यातून फूल कुठून निघणार ते कळेना.

सृष्टीने सांगितलेले पाण्याचे नियम तर भलतेच. थंडीत पाणी द्यायचं नाही. उन्हाळ्यात तर अजिबातच नाही. पावसाळ्यात पाऊस लागू द्यायचा नाही. दसऱ्यानंतर थोडं, होळीच्या सुमारास थोडं, तेही खडी पार कोरडी झाल्यावर. वहिनीच्या सांगण्यावरून मी हे कागदावर लिहून काढलं आणि वाचून मलाच घेरी आली. जन्मभर पाणी कसं मिळेल याच्या विवंचनेत काढलेल्या बाईला पाणी द्यायचं नाही हे कसं जमावं? "तहानंनं मरंल की वो ते," ती म्हणायची. पण नियम तिने मोडला नाही. कुंडी पत्र्याखाली ठेवायची आणि तिच्याकडे पाहत बसायची. कुंडी कुठून आली हे माणिकरावने एकदाही विचारलं नाही. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

माघात गोट्यांच्या चिरा रुंदावल्या. आत काहीतरी हिरवं दिसू लागलं आणि बाहेरचा भाग सुरकुतून पिवळा पडला. वहिनी धावत आली.

आता आमच्या भागात पाला पिवळा पडण्याचा अर्थ एकच. हळद काढणीला आली. पाणी तोडायचं, पाला कापायचा, मग जमीन खणायची. वहिनीची तीन एकर हळद त्याच आठवड्यात कापणीला आली होती. ती म्हणाली, "पाला कापावा का भाऊजी? आतल्या कोंबाला मोकळं व्हईल." सृष्टीला विचारा, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण दुकानदाराने 'ठाऊक नाही' म्हणायचं नसतं. मी मान डोलावली. "कापा, वहिनी. बराबर हाय."

तिने ब्लेडने सगळ्यांची ती पिवळी कातडी कापली. पंधरा दिवसांत पाच गोटे काळे पडून बसले.

फोनवर ती सगळं खरं सांगून रडली. पलीकडून सृष्टी म्हणाली, "आई, जुन्या पानातलं पाणी पिऊनच नवं पान वाढतं. ते आपोआप कागदासारखं वाळू द्यायचं असतं. असू दे. दोन हायेत ना?" माझं नाव वहिनीने घेतलं नाही. मला लाज वाटली. आजही वाटते.

ते दोन गोटे तिने कसे जगवले ते तिलाच माहीत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दसऱ्यानंतर कागद पाहून चमचा-चमचा पाणी दिलं. गोटे टरारले, पण चिरेतून काही निघेना. सृष्टी दर बाजारी विचारायची, "आलं का?" वहिनी म्हणायची, "न्हाई बाई." दिवाळी झाली. कार्तिक संपत आला. आणि एका बाजारी, पोत्यावर बसून, माझ्यादेखत वहिनी म्हणाली, "आलं. फूल आलं, सृष्टी."

मी चमकून वळलो.

"कोन्त्या रंगाचं?"

"पिवळं. हळदीवानी."

"बरं" म्हणून सृष्टीने फोन ठेवला. वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, मी हे काय बोलून बसले?"

चौथ्या दिवशी सृष्टी माझ्या दुकानासमोर एसटीतून उतरली. "काका, घरी सोडता का?" मी मोटारसायकल काढली. वाटेत सांगावं का नको, काही सुचेना.

माणिकराव दारातच बाजेवर बसला होता. लेकीकडे पाहिलं, पायात चप्पल घातली आणि मला विचारलं, "हिला कोनं बोलावलं?" तो शेताकडे निघाला, पण कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभाच राहिला, आमच्याकडे पाठ करून. पुढे जाईना आणि मागेही येईना.

वहिनी कुंडी घेऊन बाहेर आली. "फूल न्हाई आलं," ती म्हणाली. "मी लबाड बोलले."

"ठाऊक हाय," सृष्टी म्हणाली. "ही मी बी टाकून उगवलेली पिल्लं हायेत, आई. फुलायला अजून दोन-तीन वर्षं लागतील."

वहिनी कुंडीकडे पाहत राहिली, मग लेकीकडे. "म्हंजे फुलणार न्हाई हे तुला तव्हाच ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"म्हंजे तुला यायचंच न्हवतं."

"न्हवतं."

"मंग आता आलीस काहून?"

सृष्टीने तिच्या हातातली कुंडी घेऊन खाली ठेवली.

"पाच मेले तव्हा बी तू खरंच सांगितलंस. तुझ्यावर खोटं बोलायची पाळी मी आणली, आई. मंग मी तिकडं कशी बसू?"