बगून घे रं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत दर बुधवारी एक कोळीण यायची. मी मासळी नुसती वरून निरखू लागलो की ती माशाचा कल्ला उघडून माझ्या नाकाशी धरायची. “दादा, वरची चमक काय बगतंस? आत लाल हाय का बग!” मी जाणकारासारखा हुंकार भरायचो. हलवा कुठला नि पापलेट कुठलं, हे मला आजही बायकोच सांगते.

पण कागद वाचण्यात मी कॉलनीचा शहाणा. एकदा तिने माझ्यापुढे एक्स-रेचा लिफाफा ठेवला. तिच्या फुफ्फुसावर डाग होता. चार महिने टीबीची औषधं घेऊनही खोकला हटत नव्हता. डॉक्टर म्हणत होते, चिरफाड नाही, बरगड्यांमधून बारीक सुई घालून आतला कण काढू आणि तपासू.

“करू का रं दादा?”

“छे, मावशी! गाठीला सुई लावली की ती पसरते.” हे मी कुठे ऐकलं होतं, देव जाणे.

तिने लगेच मानलं. वर दोन बांगडे जादा दिले. मी ते चवीने खाल्ले.

सुई लावली ती सहा महिन्यांनी, दम लागायला लागल्यावर. फुफ्फुसात लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. आधी कळला असता तर औषधांनी आटोक्यात आला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे तिनेच मला सांगितलं, मासळीचा भाव सांगावा तसं. मग धापा टाकत कल्ला उघडला.

मला बघवेना. “राहू दे मावशी, विश्वास आहे तुझ्यावर.”

“इस्वासावर नको रं घेऊ,” ती म्हणाली. “बगून घे.”