उचकीचा व्हिडिओ

आमच्या नववीतल्या कन्येनं एकदा सकाळी मला सांगितलं, "बाबा, तुमच्या ऑफिसातून फोन होता. तुमची तिकडे लांब झाबुआला बदली झालीय." मी दात घासत होतो. ब्रश तोंडात तसाच ठेवून मी मटकन मोरीच्या कट्ट्यावर बसलो. आईवडिलांना खोटी वाईट बातमी सांगायची आणि त्यांचं तोंड लपवलेल्या फोनवर टिपायचं, अशी तेव्हा मुलांत टूम निघाली होती. माझं फेसाळलेलं तोंड त्या व्हिडिओतून शहरभर, सोनागिरीपासून टी. टी. नगरपर्यंत पोचलं. ऑफिसात चपराशीसुद्धा विचारायला लागला, "साहब, झाबुआ कब जा रहे हैं?"

तेव्हापासून मी घरात सावध राहायला लागलो. कुणी प्रेमानं हाक मारली, की आधी चहाच्या डब्यामागे फोन लपवलाय का ते बघायचो. बायको तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "हल्ली हे भांडायच्या आधी केस विंचरून येतात."

अशात एका संध्याकाळी पोरगी समोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी उद्यापासून शाळेत जाणार नाही."

मी लगेच कॅलेंडरमागे पाहिलं. फळांची टोपली उचकली. कॅमेऱ्यात बरं दिसावं म्हणून हसलोही.

"झालं शोधून?" तिनं विचारलं आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

शाळेच्या कार्यक्रमात ती हिंदीत भाषण करत होती आणि मध्येच तिला उचकी लागली होती. कुणीतरी तेवढीच उचकी कापून, पुन्हा पुन्हा जोडून, ढोलकीच्या तालावर बसवली होती. खरं सांगतो, बेट्यानं ताल चोख धरला होता. माझ्या पोटातून हसू वर यायला लागलं. मान वर केली तर ती फोनकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी गाल आतून चावला.

"हसा. सगळे हसतात."

"मला नाही आलं हसू."

"खोटं."

"आलं. दाबलं."

तिनं फोन परत घेतला. मग म्हणाली, "पहिल्यांदा मलाही आलं होतं. पण आता मी बसमध्ये चढले की सगळे एकदम खोटी उचकी काढतात."

व्हिडिओ तिच्या जिवलग मैत्रिणीनंच केला होता, असं तिनं सांगितलं. ती मैत्रीण अवधपुरीत राहते. आम्ही तसेच स्कूटरवर निघालो. मैत्रिणीनं दार उघडलं तेव्हा मी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग खिशाकडे.

"सॉरी यार, मज़ाक था," ती म्हणाली. "हटा देती हूँ। पर बाकियों के पास भी है।"

"पता है। तू तो हटा," आमची पोरगी म्हणाली.

तिनं आमच्यासमोर हटवला. परतताना मी म्हणालो, "दुसरीकडे ठेवला असेल तिनं."

"असेल," मागून आवाज आला. "उद्या मला तुम्ही सोडा. बसनं नको."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी हेल्मेट न काढताच थांबलो आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड न्याहाळायला लागलो. चौकीदार जवळ आला. आता त्यालाच माझा संशय आला होता.

"भाईसाहब, किसको देख रहे हो?"

"सबको," मी म्हणालो.

मुलांच्या एका घोळक्याजवळून ती गेली. त्यांच्यातल्या कुणी उचकी काढली की नाही, हेल्मेटमुळे मला ऐकू आलं नाही. तिची चाल मात्र क्षणभर मंदावली. मग ती आत गेली.