ताटातल्या पाट्या

आमचे दाजी जेवायला बसले की त्यांच्या ताटातल्या मिरच्यांना कुणी हात लावायचा नसे. त्या मिरच्या नसत, पाट्या असत. तळलेल्या मिरच्या एकीखाली एक आडव्या मांडायच्या, त्यांच्या मधोमध कांद्याची पात उभी ठेवायची आणि भाकरीचे दोन तुकडे घेऊन लढाई सुरू करायची. पहिल्या दिवाळसणाला ते आमच्याकडे गंगाखेडला आले, तेव्हा सासुरवाडीच्या पंगतीत त्यांनी हाच उद्योग मांडला. नवा जावई म्हणून आईनं जपून केलेली आमटी निवत चालली. दाराआडून ती म्हणाली, "जावईबापू, आदी जेवून घ्या की."

"जेवतो की, मामी. जरा ही कोंडी फुटू द्या," दाजी म्हणाले आणि पुन्हा ताटात डोकं घातलं.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, राणीसावरगावचे. घरची बेताची शेती, अंगानं काटकुळे, चालणं असं की घाई या माणसाला ठाऊकच नसावी. मी एकुलती एक मेव्हणी, तेव्हा त्यांची थट्टा करायचा परवाना माझ्याकडे होता आणि तो मी मनसोक्त वापरला. पण आट्यापाट्यांचा विषय निघाला की माझीही जीभ आवरायची. त्या खेळावर त्यांचा इतका जीव होता की थट्टा करताना आपल्यालाच अपराधी वाटावं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जमिनीवर आडव्या रेघा मारायच्या, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक राखणदार, त्यानं आपली रेघ सोडायची नाही. मधोमध एक उभी रेघ, तिच्यावर धावतो तो सूर, राखणाऱ्यांचा म्होरक्या. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. हात लागला की बाद. जो न शिवला जाता परत येतो त्यानं लोण आणलं, आणि गाव त्याला खांद्यावर घेतं. यातली खरी मेख शेवटच्या पाटीशी असते. हातभर अंतर उरलेलं असतं, समोर राखणदार, बाजूला सूर, आणि गडी मधल्या चौकोनात अडकलेले. तीच कोंडी.

दरसाल होळी झाली, गोदावरी आटून वाळू उघडी पडली, की राणीसावरगाव आणि गंगाखेड यांचा सामना नदीत व्हायचा. शाळेचे ड्रिलमास्तर पंच असत. त्यांची भाषा उर्दू, त्यामुळे गडी बाद झाला की ते "खारिज!" म्हणून असे गरजत की घाटावरची कबुतरं उडावीत. लोण आणणाऱ्याला तहसीलदारसाहेब आपल्या हातानं फेटा बांधायचे. आम्ही बायका घाटाच्या पायऱ्यांवर बसायचो. माझी पंचाईत अशी की गंगाखेडचा सूर होता माझा सख्खा भाऊ, आण्णा. नदीत उतरण्याआधी आई त्याला न चुकता बजावायची, "जावयाच्या पाठीत जोरात मारू नगंस रे."

दाजी खेळायला उतरण्याआधी राणीसावरगाव सदा हरायचं. त्यांच्याकडे पळणारे कमी नव्हते, पण प्रत्येकाला फेटा स्वतःच्या डोक्यावर हवा असे. शेवटच्या पाटीशी सगळे एकदमच उड्या मारायचे, एकमेकांवर आदळायचे आणि आण्णा त्यांना पिकली बोरं वेचावीत तसा वेचायचा. दाजींनी हे सगळं मोडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "पळणारे लय हायती. शेवटच्या हातभराला पाय कामाचे न्हाईत. एकानं अंगावर घ्यावं, दुसऱ्यानं जावं." म्हणजे एकानं छाती काढून सरळ राखणदाराच्या हातात जायचं. सूर आणि राखणदार दोघंही त्याच्यावर झडप घालणार, आणि तेवढ्यात दुसरा उलट्या कोपऱ्यातून निसटणार. "हातात आलेलं माणसाला सोडवत न्हाई," ते म्हणायचे, आणि भाकरीचा एक तुकडा मिरचीवर आपटून स्वतःच खाऊन टाकायचे.

गावाला हे पटेना. बाद व्हायला जायचं ही कसली मर्दुमकी? त्यांचे वडील तर चावडीवर बसून सांगायचे, "आमच्या पोराला मार खायची हौस हाय." अंगावर घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून दाजी स्वतःच घेऊ लागले. आणि राणीसावरगाव जिंकू लागलं! दरसाल शेवटच्या पाटीशी दाजी आण्णाच्या हातात जायचे, आणि त्यांचा पुतण्या म्हादू हरणासारखा पलीकडे झेप घ्यायचा. म्हादू उंच, देखणा, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. फेटा त्याचा, खांदे त्याचे, गुलाल त्याचा. दाजी बाद झालेल्या गड्यांत वाळूवर बसून टाळ्या वाजवायचे.

आक्काला याचं फार वाटायचं. "जिंकतंय गाव, फेटा म्हादूला, आन् माझ्याकडं काय, तर शेकायला ह्यांची पाठ," ती मला म्हणायची. मी दाजींना विचारलं, "एकदा तरी तुम्ही पळा की, आक्कासाठी." ते म्हणाले, "मेव्हणीबाई, पळलो असतो. पण मंग अंगावर कोण घेतंय?" त्यात तक्रार नव्हती. हिशेब चुकता असलेल्या माणसासारखे ते हसले.

या हुशार माणसात एक वेडेपणा होता. आपले सगळे डाव ते मांडून दाखवायचे ते आमच्याच घरी, आणि समोर ताट घेऊन बसलेला असायचा गंगाखेडचा सूर! डाव सुचला की तो कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे, आणि त्यांच्या गावात समजून घेणारं कोणी नव्हतं. आण्णाला मात्र डोळ्याच्या इशाऱ्यात कळायचं. दोघं एकमेकांच्या ताटात हात घालून मिरच्या सरकवायचे, आणि आई कपाळाला हात लावायची.

एका वर्षी दाजी बैलगाडीवरून पडले आणि गुडघा धरला तो धरलाच. तरी होळीनंतर ते आले. सामन्याच्या सकाळी आमच्या ओसरीवर आक्का त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती, म्हादू खांबाला टेकून उभा होता. दाजी म्हणाले, "म्हादू, माझं हे शेवटचं साल. पुढच्या खेपेपासून तू अंगावर घ्यायचं. नवीन पोरं पळतील."

"मी?" म्हादू हसला. "तुमी हाव की, तात्या."

"मी न्हाई आता. पाय बग की."

"मंग बगू तवाचं तवा," तो म्हणाला. मग जरा थांबून, मान वळवून, "मी काय मार खायला न्हाई येत."

आक्काचा हात तेलात थांबला. दाजींनी धोतर गुडघ्यावर ओढून घेतलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. सामना हरण्याचं त्यांना काही नव्हतं. आपण बसलो की गाव पुन्हा पहिल्यासारखं एकमेकांवर आदळणार, एवढी वर्षं पाठीवर घेतलेलं सगळं वाळूत जाणार, हे त्यांना दिसत होतं. म्हादूनं होकार दिला नाही तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यात माझ्या जिवाला आणखी एक घोर. आदल्या दिवशी आण्णा गोठ्यात त्याच्या राखणदारांना शिकवत होता, ते मी ऐकलं होतं. "दाजी पुढं आले की हात मागं घ्यायचे. शिवायचंच न्हाई. लंगडा माणूस कुठं जातोय? आपली नजर म्हादूवर." वर्षभर त्यानं पोरांकडून हेच घोटून घेतलं होतं. एकीकडे भाऊ, एकीकडे दाजी. मी तोंडाला कुलूप लावलं आणि घाटावर जाऊन बसले.

सामना अटीतटीचा झाला. उन्हं कलली तेव्हा राणीसावरगावचे बाकी गडी खारिज होऊन बसले होते. परतीची एकच पाटी उरली होती, आणि चौकोनात दोघंच होते, दाजी आणि म्हादू. घाटावर कुणी श्वास घेईना. दाजींनी धोतराचा काचा घट्ट केला, म्हादूकडे एकदा पाहिलं आणि छाती काढून, लंगडत, राखणदाराकडे निघाले.

राखणदारानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

दाजी त्याच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. आण्णा मधल्या रेघेवर, म्हादूच्या समोर, पाय रोवून उभा. कुणीच हलेना. दाजी गोंधळले. एवढ्या वर्षांत असं कधी झालंच नव्हतं. त्यांनी राखणदाराला पाठ दाखवली, मानेनं खूण केली आणि अगदी कळवळून म्हणाले, "आरं, लाव की हात!"

सगळी नदी हसली. तहसीलदारसाहेब हसले. पाटी पावलावर होती, शिवायला कुणी तयार नव्हतं, आणि हा माणूस मार मागत उभा होता! दाजी आता नुसता पाय टाकून पलीकडे जातील, हे आधी उमगलं ते आण्णाला. "शिव त्यांला! शिव!" ओरडत तो रेघेवरून दाजींकडे धावला. राखणदार बिचारा वर्षभर न शिवायला शिकलेला, तो आण्णाच्या तोंडाकडे बघत राहिला.

आणि म्हादू आला. त्यानं नुसतं कोपऱ्यातून निसटायचं होतं. आण्णाची पाठ वळली होती, दुसरा कोपरा मोकळा होता, एक झेप आणि फेटा नेहमीसारखा त्याचा. पण तेवढ्यात आण्णाचा हात दाजींच्या पाठीवर पडला असता. म्हादू कोपऱ्याकडे गेलाच नाही. तो आण्णाच्या आडवा छाती काढून आला, अगदी दाजींसारखा. आण्णानं मनात कितीही ठरवलं असो, हातात आलेलं त्यालाही सोडवलं नाही. म्हादूच्या पाठीत अशी थाप बसली की ती घाटावर ऐकू आली.

"खारिज!"

म्हादू वाळूत पालथा पडला आणि तिथूनच ओरडला, "तात्या, जावा की!"

दाजी गेले. पळाले मात्र नाहीत. ओढ्यातून जाताना माणूस धोतर सावरून पाय टाकतो तसा त्यांनी दुखरा पाय उचलला, पाटीपलीकडे ठेवला, मग दुसरा ठेवला. राखणदार भानावर येऊन झेपावला तेव्हा त्याच्या हातात वारा होता. आक्का माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. माझं माहेर हरलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

फेटा बांधून घेताना दाजींनी मान इतकी खाली घातली की साहेबांना दोनदा बांधावा लागला. पोरांनी खांद्यावर घेतलं तर हे वरून म्हणतायत, "खाली सोडा, खाली सोडा." उतरले ते थेट म्हादूपाशी गेले आणि त्याच्या शेजारी वाळूत बसले. रात्रीच्या जेवणाला दोघं आमच्याकडेच होते. आईनं फेट्याचं कौतुक केलं, तर दाजींनी म्हादूला सदरा काढायला लावला, पाठ दिव्याकडे वळवली आणि म्हणाले, "मामी, फेटा काय बगताव? हे बगा. पाची बोटं उमटल्यात." म्हादू लाजून गोरामोरा झाला. त्याला लाजताना मी त्या दिवशीच पाहिलं. आण्णा म्हणाला, "दाजी, आता तुमचे डाव मी तुमच्याकडून शिकणार न्हाई. तुमचं तुमालाच कळंना गेलंय." दोघं ठसका लागेपर्यंत हसले.

पुढं दंग्याधोप्याची, धामधुमीची वर्षं आली, नदीतले सामने बंद पडले. दाजींनी हाय खाल्ली नाही, पण गुडघ्यामागोमाग छातीनंही दगा दिला. ते गेले त्याच्या आधी थोडे दिवस मी राणीसावरगावला गेले होते. दिवस मावळायला आला होता. दाजी ओसरीवर बाजेवर पडून होते. आक्कानं भाकरी कुस्करून दुधात घातली होती, तरी ताटाच्या कडेला तळलेल्या मिरच्या होत्याच. "खात न्हाईत. पण त्याबिगर ताट पुढं घेत न्हाईत," ती मला हळूच म्हणाली.

पलीकडच्या खळ्यावर म्हादू गावातल्या पोरांना खेळवत होता. तिथं एकदम गलका उठला, शिव्या ऐकू आल्या. मी उठून बघायला निघाले, तर दाजींनी हातानं थांबवलं.

"काल तूच घेतलंस अंगावर!" एक पोरगा ओरडत होता.

"मंग? आजबी मीच घेणार!"

"म्हादूकाका, सांगा की ह्याला! आज माजी पाळी हाय!"

दाजी डोळे मिटून ऐकत राहिले. भांडण बराच वेळ चाललं, आणि तेवढा वेळ ते खोकले नाहीत. मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"घे मेव्हणीबाई, खा त्या मिरच्या. आता मांडायचं काई ऱ्हायलं न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांच्या ताटातली मिरची मी पहिल्यांदाच उचलली, आणि भाकरीबरोबर खाल्ली.