सोलरचं गार पाणी

आमचं घर आळ्याच्या शिवारात, रस्त्यापासून आत, उसाला लागून. दोघा भावांनी मिळून बांधलेलं. खाली आम्ही नवराबायको आणि सासूबाई, वर धाकटे दीर आणि जाऊ. गच्चीवर दोन्ही मजल्यांना मिळून एकच सोलर. पहिली काही वर्षं त्याचं पाणी असं कढत यायचं की बादलीत आधी गार पाणी घ्यावं लागायचं.

मग एका दिवाळीत वरच्यांनी बाथरूम नवीन करून घेतली. गुळगुळीत फरशी, भिंतीत बसवलेला, गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सर, त्याला लोंबणारा हातातला शॉवर. त्यासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या मोठ्या टाकीपासून गार पाण्याची जाड लाइनही नवी टाकली. जावेनं मला वर बोलावून सगळं दाखवलं, मीही चांगलं झालंय म्हणाले. त्याच थंडीत आमच्या खालच्या नळाचं पाणी बिघडलं. सुरुवातीला कोमट, नंतर नुसतंच गार. वर मात्र जावेची आंघोळ होताना बाथरूमच्या खिडकीतून वाफ बाहेर पडताना दिसायची.

मी दिरांना सांगितलं. ते म्हणाले, थंडीत ऊन कमी पडतं. मी म्हटलं, ऊन काय फक्त वरच्या मजल्यावर पडतं का? त्यावर ते हसले आणि गाडीला किक मारून निघून गेले.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही दोघी मिळून करतो. त्या वर्षी वरच्या हॉलमध्ये केलं. वस्तीवरच्या सगळ्या बायका होत्या, बेल्ह्याहून जावेची आईही आली होती. बोलता बोलता कुणीतरी सोलरचा विषय काढला, घ्यावा का म्हणून. मी वाण वाटत होते. जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोलर चांगलाय, पण घरात एखादं माणूस तासभर अंगावर पाणी घेत बसलं तर टाकी कशी पुरंल? आमच्या ताईंचं न्हाणं म्हंजी लई मोठा कार्यक्रम असतोय."

बायका हसल्या. तिची आई तर तोंडाला पदर लावून हसली. मी मळ्यात राबणारी बाई. माझी आंघोळ चार तांब्यांत उरकते. पण हातात वाणाचं ताट होतं आणि समोर पाव्हण्या, म्हणून पुढच्या बाईला वाण दिलं. ते हसू मात्र मी प्रत्येकीच्या तोंडासकट लक्षात ठेवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मीही विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, जरा बेतानं वापरत जा. आणि दिरांनी गच्चीवर जाऊन खाली येणाऱ्या लाइनचा कॉक अर्धा बंद केला, शिवाय त्याची मूठही काढून नेली. मी पुन्हा उघडू नये म्हणून. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, भावाभावात पाण्यावरून वाद नको, आपण चुलीवर तापवू.

आपण म्हणजे मी. ते पहाटेच भाजीचा टेंपो घेऊन निघायचे. चूल घरामागे, आणि चुलीपासून ऊस हाताच्या अंतरावर. आमच्याकडे अंधारात उसाच्या कडेला कुणी एकटं बसत नाही. बिबट्या आमच्या भागात पाव्हणा राहिलेला नाही, तो इथलाच झालाय. सासूबाईंचे गुडघे गरम पाण्याशिवाय मोकळे होत नाहीत, म्हणून मला उजाडायच्या आत हंडा चढवावा लागायचा. एका पहाटे मी फुंकणीनं जाळ करत होते. आमचा कुत्रा, जो टेंपोवरही भुंकतो, तो आवाज न करता येऊन माझ्या पायांत शिरला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. उसात पाचट वाजलं. मी हातातलं जळतं लाकूड पुढे धरून उभी राहिले. तिथून हलायचीही भीती वाटत होती. वर जावेच्या बाथरूमचा दिवा लागला होता, शॉवरचा आवाज येत होता आणि ती गाणं गुणगुणत होती.

पाचटाचा आवाज लांब गेला. मी हंडा उतरवून घरात आले तेव्हा भीती गेली होती आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी बसलं होतं. मला आता गरम पाणी नको होतं. मला तिला त्याच बायकांसमोर, त्याच आवाजात बोलायला लावायचं होतं.

दुपारी घरात कुणी नसलं की मी गच्चीवर जायला लागले. पाइप आणि कॉक मला नवे नाहीत. टोमॅटोचं सगळं ठिबक मीच बघते. कुठं हवा धरली, कुठं क्षार बसले, कुठल्या लाइनचं पाणी भलतीकडं पळतंय, हे शोधण्यात माझे दिवस गेलेत. आधी सोलरच्या काचेच्या नळ्या पुसल्या, त्यांवर धुळीचा थर होता. फरक पडला नाही. लाइनीत हवा धरली असेल म्हणून खालचा नळ सोडून ती काढली. तरी पाणी गारच. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, म्हणून सोलरच्या टाकीच्या तळाचं बूच काढून बघितलं. पांढरा गाळ निघाला, पण टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं होतं. म्हणजे सोलर नीट होता. पाणी वाटेत गार होत होतं.

मग मी साधी गोष्ट केली. खालचा गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला आणि वर येऊन पाइपावर हात ठेवत गेले. टाकीतून निघणारा पाइप चटका देत होता. तिथून खाली जिथं फाटा फुटतो, एक वरच्या मजल्याला आणि एक आम्हाला, तिथपर्यंत गरम. फाट्याच्या खाली गार. आणि वरच्या मजल्याला गरम पाणी नेणारा जो फाटा, तोही गार. वर कुणी नळ उघडला नव्हता, तरी त्या फाट्यात पाणी वाहतंय हे हाताला कळत होतं. ते तिकडे जात नव्हतं, तिकडून येत होतं.

त्या फाट्यालाही कॉक होता. त्याची मूठ जागेवर होती. मी तो बंद केला आणि जिना उतरून धावत खाली आले. नळातून वाफ येत होती.

बाकीचं कोडं जावेच्या बाथरूममध्ये सुटलं. ती बाजाराला गेली तेव्हा मी वरच्या नळाखाली फडकं धुवायच्या निमित्तानं आत गेले. सासूबाई बघत होत्या, त्यांना काही वावगं वाटलं नाही. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच होत्या, गरमाची आणि गाराची. मग माझ्या ध्यानात आलं, जाऊ आंघोळीपुरती गाराची चावी अगदी बारीक करायची, मग फरशी धुवायला पुन्हा पूर्ण उघडायची आणि शेवटी नुसतं शॉवरच्या मुठीतलं बटण दाबून पाणी थांबवायची. चाव्या दिवसभर तशाच. त्या जाड लाइनचं गार पाणी मिक्सरमधून गरमाच्या पाइपात शिरायचं आणि आम्ही खाली नळ सोडला की तेच आमच्या बादलीत यायचं.

मी कॉक पुन्हा उघडून ठेवला. कुणालाही काही बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. तेव्हा सांगितलं असतं तर दीर "असं होय" म्हणाले असते, एक चावी फिरवली असती आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस मी आनंदानं चूल पेटवली. जावेशी गोड बोलले. तिच्या धाकट्याचं जावळ काढायचं ठरलं, तेव्हा वस्तीवरच्या बायकांना आवतण द्यायला मीच घरोघर फिरले. हळदीकुंकवाला आलेली एकही वगळली नाही.

जावळाच्या आदल्या दिवशी जावेची आई आणि दोन मावश्या मुक्कामाला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पकड घेऊन गच्चीवर गेले. वरच्या फाट्याचा कॉक बंद केला, त्याची मूठ काढून कमरेला खोचली. मग आमच्या लाइनचा कॉक, ज्याची मूठ दिरांनी नेली होती, तो पकडीनं पूर्ण उघडला.

थोड्या वेळानं वर आरडाओरडा सुरू झाला. जावेची आई साबण लावून बसली होती आणि शॉवरला गरम पाण्याचा थेंब नव्हता. ती लुगडं गुंडाळून कुडकुडत खाली आली. मी माझ्या बाथरूममध्ये वाफाळती बादली भरून ठेवली होती. म्हटलं, घ्या, हवं तेवढं घ्या. मागून मावश्या आल्या. तोवर वस्तीवरच्या बायकाही जमायला लागल्या होत्या आणि काय झालं म्हणून विचारत होत्या.

जाऊ जिना उतरून आली. "ताई, तुमी कायतरी केलंय."

"केलंय," मी म्हणाले. "सगळ्या वर चला, दाखवते."

खालचा गरम नळ सोडून मी सासूबाईंना त्याखाली हात धरायला बसवलं. बायका जावेच्या बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या. मी गच्चीवर जाऊन वरच्या फाट्याचा कॉक उघडला, परत आले आणि खिडकीतून खाली विचारलं, पाणी कसंय.

"गार झालं गं," सासूबाईंचा आवाज आला.

मी मिक्सरच्या उघड्याच राहिलेल्या गाराच्या चावीकडं बोट दाखवलं आणि जावेला म्हटलं, ही बंद कर. तिनं हात पुढे केला नाही. तिच्या आईनंच पुढं होऊन चावी फिरवली.

"आता कढत येतंय," खालून सासूबाई म्हणाल्या. "हे आधी का न्हाई केलं कुणी?"

एक बाई हसली, मग दुसरी. या वेळी ताट माझ्या हातात नव्हतं, त्यामुळे मला प्रत्येकीचं तोंड नीट बघता आलं. जावेचं तोंड मी सर्वात जास्त वेळ बघितलं.

मी तिला म्हटलं, "पाणी कुणामुळं गार येत व्हतं, ते सांग सगळ्यांना."

ती म्हणाली, मला काय माहीत पाइपाचं. आणि पोराला घेऊन खोलीत गेली.

मग मी पुन्हा गच्चीवर गेले, तिचा कॉक बंद केला आणि मूठ माझ्याकडेच ठेवली. दिरांनी मागितली. मी म्हटलं, आमची मूठ तुमच्याकडं आहे, ती वापरा. ती त्यांना सापडली नाही. पकडीनं फिरवता येतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नवऱ्यानं सांगितलं, आता पुरे कर. मी त्यांना उद्या पहाटे चुलीपाशी बसायला सांगितलं. ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

जाऊ रोज सकाळी बादली घेऊन खाली यायची. मी पाणी कधी नाकारलं नाही. ती बादली उचलून जिना चढायची तेव्हा मी दारात उभी राहून बघायचे, आणि मला मनापासून बरं वाटायचं. शेवटी महिला बचत गटाच्या बैठकीत, आमच्याच ओट्यावर, तिनं खाली बघत सांगितलं की पाण्यात चूक तिची होती, ताईंची नव्हती. आवाज बारीक होता. मी म्हटलं, मागच्यांना ऐकू आलं नाही. तिनं परत सांगितलं. त्या संध्याकाळी मी कॉक उघडला.

दिरांना मात्र ते लागलं. उन्हाळा सरल्यावर त्यांनी स्वतःचा वेगळा सोलर आणला. बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी घाईत जागा दाखवली, पाण्याच्या मोठ्या टाकीला खेटून. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून मला विचारलंही नाही.

गेल्या थंडीपासून वरचं पाणी कोमट येतंय. दोनदा माणूस येऊन गेला, त्यानं नळ्या बदलल्या. आता जाऊ आणि मी नीट बोलतो, सणाला एकमेकींच्या घरी जेवतो, पण सोलरचा विषय ती माझ्यासमोर काढत नाही. मी रोज दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते. सूर्य कलला की मोठ्या टाकीची सावली त्यांच्या नळ्यांवर चढायला लागते आणि बघता बघता निम्म्या नळ्या झाकते. माझा सोलर बाजूला उन्हात तापत असतो. मी कपड्यांना चिमटे लावते आणि खाली येते.