वहिनीचे साठ तास

माझ्या थोरल्या वहिनीशी रिकामी घरं बोलतात. बारा वर्षं ती घरं विकणाऱ्या एका कचेरीत कामाला होती. घर विक्रीला आलं की ते धुऊनपुसून लखलखीत करायचं, गिऱ्हाईक यायच्या आधी खिडक्या उघडून कोंदट वास घालवायचा, आणि दार उघडून बाजूला उभं राहायचं, एवढं तिचं काम. साऱ्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे, म्हणून कचेरीत तिला चावीवहिनी म्हणत. कुठल्या खोलीत चार वाजता ऊन येतं, कुठल्या मोरीत पाणी तुंबतं, कुठल्या शेजाऱ्याला रेडिओ मोठ्याने लावायची खोड आहे, सगळं तिला तोंडपाठ. पण बोलायचं काम दुसऱ्याचं होतं. तो गळ्यात टाय बांधून यायचा, म्हणून त्याचं नाव टायवाला.

एकदा एक म्हातारं जोडपं घर बघायला आलं. टायवाला बाल्कनीतल्या वाऱ्याचं कौतुक सांगत राहिला. म्हातारी हळूच दाराशी आली आणि वहिनीला विचारू लागली, "सकाळी पाणी किती वेळ असतं हो?"

"तासभर. पण वरच्या मजल्यावर जोर कमी, पिंप लागेल."

म्हातारी आत वळून नवऱ्याला म्हणाली, "पुढचं घर या बाईंनाच दाखवू दे."

संध्याकाळी कचेरीतल्या साहेबांनी वहिनीला बोलावलं. माणूस भला, पण नियमाला पक्का. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला घर दाखवता येत नाही. त्याला परवाना लागतो. आणि साठ तासांचं शिक्षण पुरं केल्याचा दाखला नसेल तर परवान्याचा अर्जसुद्धा घेत नाहीत."

टायवाला शेजारीच होता. "साठ तास एका जागी बसायचं असतं, वहिनी. तुमचे हात शिवशिवतील."

वहिनी म्हणाली, "वर्ग कुठे भरतो तेवढं सांगा."

साहेबांनी दोन महिने दुपारची सुट्टी दिली. बजावून सांगितलं, की पुन्हा अशी सुट्टी जमायची नाही. शिक्षणाच्या शेवटी परीक्षा होती, शंभरात सत्तर हवे होते. दोनदा बसता येई. दोन्हीदा हुकलं तर साठही तास पहिल्यापासून. म्हणजे वहिनीच्या बाबतीत कायमचंच हुकलं.

वर्गात वीस-बावीस जण, त्यांत सेहेचाळिसाव्या वर्षी दप्तर घेऊन बसणारी ही एकटीच. शिकवायला एक बाई होत्या. जन्मभर दस्त नोंदवण्याच्या कामात घालवून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं, नजर कडक. मालकी कशी तपासायची, घरावर कुणाचा बोजा आहे का हे कुठे बघायचं, घेणाऱ्यापासून काय लपवता येत नाही, असं एकेक त्या सांगत. दहावीनंतर वहिनीने पुस्तक हातात धरलं नव्हतं. ती सकाळी रिकाम्या घरात काम उरकायची आणि तिथेच फरशीवर बसून धडा मोठ्याने वाचायची. रिकाम्या घरात आवाज घुमतो. एकदा खालच्या मजल्यावरची बाई वर आली. "भांडण कुणाशी चाललंय?"

"कायद्याशी," वहिनी म्हणाली. "पण ऐकून घेतोय बिचारा."

पहिली परीक्षा झाली. सदुसष्ट.

तीन गुणांनी गेलं. पण चटका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कायद्याच्या अवघड प्रश्नांत तिने बाजी मारली होती, आणि ज्या घरांत तिचं आयुष्य गेलं त्यांच्याच मापाचे चारही प्रश्न चुकले होते. चटईक्षेत्र काढायचे, म्हणजे घराच्या भिंतींच्या आत किती जागा आहे ते मोजायचे, साधे प्रश्न.

बाईंनी तिला थांबवून घेतलं. कागद पुढे सरकवला. "तुमचा गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर. मग एकाही घराचं माप जुळत का नाही? ही भिंतीतली कपाटं, यांच्या खालची जागा तुम्ही वजा केलीत."

"हो."

"का?"

"तिथे फडकं पोचत नाही."

बाईंनी कागदावरच्या घराच्या नकाशात दाराबाहेर बोट ठेवलं. "आणि ही जिन्यासमोरची जागा घरात धरलीत. ती तर सगळ्या मजल्याची असते."

"असेल. पण पुसते मीच."

बाई हसल्या नाहीत. कागदाची घडी घालून तिच्या हातात देत म्हणाल्या, "वहिनी, आजवर तुम्ही घर हाताने मोजलंत. घेणारा तसं मोजत नाही. दुसऱ्या परीक्षेला बारा दिवस आहेत."

माझा भाऊ, म्हणजे दादा, शिंपी आहे. वहिनीने घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा तो बाही जोडत होता. मशीन न थांबवता म्हणाला, "अगं, शिवणीत दुमडलेलं कापड दिसत नाही, म्हणून काय ते गिऱ्हाइकाचं नसतं?"

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू तर कायद्याशी बोलत होतीस."

त्याने आपली जुनी टेप तिला दिली. ती दीडच मीटरची, त्यामुळे एका भिंतीला चारदा टेकवावी लागे. बारा दिवस वहिनी रिकाम्या घरांत गुडघ्यांवर सरकत मापं घेत राहिली. मी एकदा दुसरं टोक धरायला गेलो होतो. बेडरूमच्या कपाटाचं दार उघडून ती आत वाकली, टेप थेट मागच्या भिंतीला टेकवली आणि तशीच वाकलेली म्हणाली, "भाऊजी, एवढी वर्षं ही जागा मी हिशेबातच घेतली नव्हती बघा." मग आम्ही बाहेर आलो. जिन्यासमोरच्या फरशीकडे तिने एकदा पाहिलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही. ते सोडणं तिला जड गेलं, हे मला दिसलं.

दुसऱ्या परीक्षेच्या निकालाला तिने मला सोबत नेलं. दादा जिन्याखाली थांबला. वर यायला मन धजत नाही, असं तो म्हणाला नाही, दुकानाची किल्ली सांभाळायची आहे म्हणाला. बाई एकेक नाव घेऊन गुण वाचत होत्या. वहिनीची पाळी आली तसा मी तिच्या हातांकडे पाहत राहिलो. मांडीवर एकावर एक, अगदी स्थिर होते.

"एक्क्याऐंशी," बाई म्हणाल्या. "मापाचे चारही बरोबर."

साऱ्या वर्गाने वळून पाहिलं. माझी छाती अशी फुगली, की जणू मीच पास झालो. दाखले वाटले गेले. शिक्का मारलेला जाड कागद, त्यावर तिचं पूर्ण नाव. चावीवहिनी नव्हे, तिचं स्वतःचं. पोरंपोरी दाखले धरून फोटो काढू लागली. मी धावत खाली जाऊन दादाला सांगितलं. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

वहिनी बाकावरच होती. दाखला पिशवीत नीट ठेवून तिने बाईंकडून उत्तरपत्रिका मागून घेतली होती आणि चुकलेल्या उत्तरांवर बोट फिरवत होती.

दादा म्हणाला, "अगं, झालं ना सगळं? चल की."

"झालं हो," ती म्हणाली. "पण एकोणीस चुकलेत. आता माणसं माझ्या शब्दावर घर घेतील. या चुका घेऊन त्यांच्यासमोर कशी उभी राहू?"

बाई आपल्या खुर्चीवरून उठल्या, तिच्या बाकावर येऊन बसल्या आणि चष्मा लावला. "कुठला आधी?"

दादा आणि मी मागच्या बाकावर बसलो.